मुंबईचा वसंत: सकाळी गाणं, दुपारी सिनेमा, संध्याकाळी रस्त्यावर

फेब्रुवारी ते एप्रिल या काळात मुंबईत रोज कुठे ना कुठे काहीतरी चालू असतं. अडचण असते ती वेळेची. जमिनीकडून येणारे कोरडे वारे जोरात असले की समुद्रावरचा वारा दुपारी उशिरा सुटतो, आणि मग फेब्रुवारी-मार्चमध्येही पारा ३७-३८ अंशांवर जातो. रविवारी साधारण अकरा ते चार लोकलचा मेगाब्लॉक. रात्री दहानंतर उघड्यावरचा ध्वनिक्षेपक बंद. या तिन्ही गोष्टी एकत्र मांडल्या की दिवस आपोआप आखला जातो: सकाळी सहा ते अकरा गाणं किंवा मिरवणूक, भर दुपारी घराजवळचा वातानुकूलित सिनेमा, संध्याकाळी सहा ते दहा महोत्सव. दुपारी दोन वाजता काळा घोड्याच्या रस्त्यावर उभं राहून घामाघूम झालेली माणसं दर वर्षी दिसतात. त्यांनी फक्त चार तास थांबायला हवं होतं.

दुसरा नियम रेल्वेचा. एका दिवशी एकच मार्ग धरा. सकाळी विलेपार्ले, दुपारी मुलुंड आणि संध्याकाळी नरिमन पॉइंट असा बेत कागदावर छान दिसतो, पण दादरचा पूल दोनदा ओलांडण्यातच त्यातला उत्साह संपतो. ब्लॉकचं वेळापत्रक शुक्रवार-शनिवारपर्यंत जाहीर होतं. ते पाहूनच रविवारचं तिकीट काढा.

काळा घोडा

काळा घोडा कला महोत्सव १९९९ पासून भरतो, नऊ दिवस चालतो आणि पूर्वी बहुतेक वर्षी फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारी सुरू व्हायचा, अलीकडे जानेवारीतच सुरू होतो. प्रवेशाला पैसे नाहीत. याचाच अर्थ दोन्ही शनिवार-रविवारी संध्याकाळी के. दुभाष मार्गावर, म्हणजे रॅम्पार्ट रोवर, पाय ठेवायला जागा नसते. सोमवार ते गुरुवार यातला एक दिवस निवडा आणि साडेचार-पाचला पोहोचा. उजेड असेपर्यंत रस्त्यावरच्या मांडणी-शिल्पांचे फोटो होतात, अंधार पडायच्या आत गाण्याच्या किंवा नृत्याच्या जागी खुर्ची मिळते. ही कामं उलट्या क्रमाने केलीत तर दोन्ही हुकतात.

छापील किंवा ऑनलाइन वेळापत्रक पाहताना कार्यक्रमाच्या नावाआधी जागा पाहा. कार्यक्रम एकाच गल्लीत नसतात. क्रॉस मैदान, डेव्हिड ससून ग्रंथालयाची बाग, आजूबाजूची सभागृहं असे पसरलेले असतात. एका जागेहून दुसरीकडे जायला गर्दीत वीस मिनिटं धरा. हेरिटेज फेऱ्या आणि कार्यशाळांना आगाऊ नोंदणी लागते आणि ती फार लवकर भरते, त्यामुळे वेळापत्रक जाहीर झालं की त्याच दिवशी नोंदवा. चर्चगेटहून चालत दहा-पंधरा मिनिटं. मेट्रो ३ ने आलात तर हुतात्मा चौक स्थानक सगळ्यात जवळ, पण परतीची शेवटची गाडी साडेदहाच्या सुमारास असते हे ध्यानात ठेवा. पिशवी लहान घ्या, तपासणीची रांग लवकर सरकते.

गाणं ऐकायला जाताना

वसंतातल्या मैफलीत तीन राग हमखास कानावर पडतात. बसंतमध्ये रिषभ-धैवत (रे, ध) कोमल आणि मध्यम (म) दोन्ही, शुद्ध आणि तीव्र; गाणारा बराच वेळ वरच्या षड्जाभोवती (सा) घुटमळतो, ती पहिली खूण. बहारमध्ये गंधार (ग) कोमल, निषाद (नी) दोन्ही, चाल खेळकर. संथ लयीतल्या मोठ्या ख्यालापेक्षा मध्य किंवा द्रुत लयीत तो जास्त खुलतो. हिंडोलमध्ये रिषभ आणि पंचम नाहीतच, मध्यम तीव्र, आणि गमकांचा (हलवून घेतलेल्या स्वरांचा) जोर. एरवी बसंत रात्री उशिराचा राग, पण या ऋतूत तो कुठल्याही वेळी गायची मुभा आहे. सकाळच्या मैफलीत बसंत ऐकू आला तर भुवया उंचावू नका.

फाल्गुनात होरी (होळीची गाणी) आणि चौदा मात्रांच्या तालातला धमार, चैत्र लागला की चैती (चैत्रातली गाणी). फर्माईश करायची तर महिना पाहून करा. एप्रिलमध्ये होरीची चिठ्ठी पाठवणाऱ्याला गायक हसून टाळतात.

मुंबईतल्या सर्वांत समाधान देणाऱ्या मैफली पहाटेच्या, असं आमचं मत. रात्रभराच्या मैफली दहाच्या नियमामुळे उघड्यावर जवळपास संपल्या, पण ललित, भैरव, तोडी हे सकाळचे राग ऐकण्याची सोय पहाटेच्या मैफलींमुळे टिकून राहिली. पाडव्याच्या पहाटे उपनगरातल्या नाट्यगृहांत आणि मैदानांत असे कार्यक्रम होतात. त्यांच्या मोफत प्रवेशिका बहुधा आठवडाभर आधी नाट्यगृहाच्या खिडकीवर किंवा ठरावीक दुकानांत ठेवलेल्या असतात, आणि दोन दिवसांत संपतात. प्रवेशिका हातात असली तरी जागा राखीव असतेच असं नाही, म्हणून अर्धा तास आधी पोहोचा. समोर भारतीय बैठक असेल तर गुडघेदुखीवाल्यांनी मागच्या खुर्च्या पहिल्यांदा धराव्यात. एप्रिल असला तरी शाल घ्या, सभागृहातला एसी पहाटे फार बोचतो. मोठा ख्याल तीस ते पंचेचाळीस मिनिटं चालतो. उठायचंच असेल तर तो संपल्यावर, तानपुरे परत जुळवले जात असताना उठा.

तबलावादक उस्ताद अल्लारखाँ यांचं निधन ३ फेब्रुवारी २००० ला झालं. त्या तारखेला त्यांच्या स्मरणार्थ षण्मुखानंद सभागृहात पहाटेपासून रात्रीपर्यंत सत्रांत मैफली होत आल्या आहेत. तबला शिकणाऱ्या मुलांना शहरात याहून चांगली शाळा नाही. आख्खा दिवस बसायचा हट्ट धरू नका. सकाळचं सत्र निवडा, ते सहसा शांत आणि भरघोस असतं. षण्मुखानंदला जाताना एक चूक फार होते: हार्बरवर पनवेल लोकलमध्ये बसायचं आणि किंग्ज सर्कल येण्याची वाट पाहायची. वडाळ्याला मार्ग फुटतो. अंधेरी-गोरेगावकडे जाणारी लोकलच किंग्ज सर्कलला थांबते. मध्य रेल्वेवाल्यांनी सरळ सायनला किंवा माटुंग्याला उतरावं. आणि माटुंग्यात आलाच आहात तर मैफलीनंतर उडप्याकडे जाण्याची वेळ अकराच्या आत साधा, नंतर रांग फुटपाथवर येते.

नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात टाटा थिएटर वेगळं आहे. १९८० साली सुरू झालेलं हे सभागृह पंख्याच्या आकाराचं असून भारतीय संगीत शक्यतो ध्वनिवर्धकाविना ऐकू यावं अशा हिशेबाने बांधलेलं आहे. त्यामुळे इथे कडेची स्वस्त जागा घेतली तरी कानांचं नुकसान होत नाही. महागड्या रांगेचे पैसे एनसीपीएमधल्याच जमशेद भाभा थिएटरसाठी राखून ठेवा. सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया हा २००६ मध्ये स्थापन झालेला वाद्यवृंद वर्षाच्या सुरुवातीला आपला वसंत हंगाम तिथे करतो. पाश्चात्त्य संगीताला पहिल्यांदाच जात असाल तर एवढं पुरे: एकाच रचनेचे तीन-चार भाग असतात, मधल्या शांततेत टाळ्या वाजवायच्या नसतात. निर्देशकाने हात खाली सोडून प्रेक्षकांकडे तोंड केलं की वाजवा. उशिरा येणाऱ्यांना भाग संपेपर्यंत दाराबाहेर थांबवतात, आणि लहान मुलांसाठी वयाची अट असते. तिकिटावरची बारीक अक्षरं वाचा. चर्चगेटबाहेरून शेअर टॅक्सी मिळते, परतताना मात्र चालत निघालेलं बरं.

रॉक-ब्लूजवाल्यांसाठी दोन मोठी नावं: वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओतला ब्लूज महोत्सव फेब्रुवारीत, आणि महालक्ष्मी रेसकोर्सवरचा लोलापलूझा. दुसऱ्याची तारीख सरकते. २०२३ आणि २०२४ मध्ये तो जानेवारीअखेर झाला, २०२५ मध्ये ८-९ मार्चला. मार्चमधला रेसकोर्स म्हणजे दुपारी तीन वाजता सावली शून्य. टोपी, बंद बूट, नाकाला रुमाल. इअरप्लग घ्या, औषधाच्या दुकानात मिळतात. शेवटच्या गाण्याला सगळे एकदम महालक्ष्मी स्थानकाकडे वळतात, त्याआधी दोन गाणी सोडून निघा किंवा नंतर पाऊण तास तिथेच बसून राहा. मधली वेळ सगळ्यात वाईट.

होळी आणि पाडवा

होळीच्या रात्री वरळी कोळीवाड्यात बँडच्या तालावर शिमगा रंगतो. तो कोळी समाजाचा घरचा सण आहे, पाहुण्यासारखं जा आणि बायकांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. दुसऱ्या दिवशी, धुळवडीला, चारच्या आत काहीही ठरवू नका. रिक्षा-टॅक्सी कमी असतात आणि लोकलच्या खिडकीत बसणारा फुगा खातो.

गुढीपाडव्याची तारीख दर वर्षी हलते: २०२५ मध्ये ३० मार्च, २०२६ मध्ये १९ मार्च, आणि मध्ये अधिक महिना आल्यामुळे २०२७ मध्ये थेट ७ एप्रिल. एप्रिलमधला पाडवा असेल तर शोभायात्रा दहालाच आवरती घ्या, रस्त्याचं डांबर तापलेलं असतं.

गिरगावची यात्रा फडके गणपती मंदिरापासून निघते. चर्नी रोडला पूर्वेला उतरून ठाकूरद्वारच्या दिशेने चाला, किंवा मेट्रोचं गिरगाव स्थानक गाठा. गाडी आणू नका, रस्ते बंद असतात. साडेसातपर्यंत पोहोचलात तर नऊवारी-फेट्यातल्या दुचाकीस्वार बायका आणि चित्ररथ गर्दी होण्याआधी जवळून दिसतात. उभं राहायला मंदिराजवळची अरुंद जागा टाळा. पुढे रस्ता रुंद होतो तिथे, पूर्वेच्या इमारतीची सावली पडते त्या बाजूला थांबा. ढोल-ताशा पथकाच्या दोरीच्या आत पाऊल टाकू नका. दोरी हलली की रांग मोडते आणि ताल सांभाळणाऱ्याची पंचाईत होते. ताशाचा आवाज ढोलापेक्षा जास्त टोचतो, तेव्हा तान्ह्या मुलांना ताशाच्या ओळीपासून दूर ठेवा आणि कानात कापूस घाला. नऊवारी नेसणार असाल तर आदल्या दिवशी घरी एकदा जिना चढून-उतरून पाहा. चर्नी रोडच्या पुलावर काष्टा सुटला तर दुरुस्तीला आडोसा नाही. श्रीखंडही आदल्या दिवशीच आणा. यात्रेनंतर मिसळ खायचा बेत असेल तर गिरगावातल्या नावाजलेल्या ठिकाणी तासभर रांग गृहीत धरा, नाहीतर दोन स्थानकं पुढे जाऊन खा.

मध्य रेल्वेवर राहणाऱ्यांनी गिरगावचा अट्टहास करू नये. नववर्ष स्वागतयात्रा १९९९ मध्ये डोंबिवलीच्या गणेश मंदिर संस्थानाने सुरू केली, आणि फडके रोडवरचा तरुणाईचा मेळा पाहण्यासारखा असतो.

दुपारचा सिनेमा

पाडव्याच्या आसपास मराठी चित्रपट येतात. ते पहिल्याच आठवड्यात पाहा, कारण दुसऱ्या शुक्रवारी खेळ निम्मे होतात आणि उरलेले सकाळी नऊ किंवा रात्री अकराला ढकलले जातात. पुढच्या आठवड्याचे खेळ बुधवार-गुरुवारी ॲपवर उघडतात, त्याआधी शोधून काही दिसत नाही. दादरचं प्लाझा मराठी प्रेक्षकांचं ठरलेलं ठिकाण, स्थानकातून चालत पाच मिनिटं. १९३३ चं रीगल कुलाब्यात. काळा घोड्याच्या दिवशी दुपारचा खेळ तिथे पाहिला की दोन्ही कामं एका फेरीत होतात.

महोत्सवी सिनेमाची तारीख तपासून घ्या. मामी हा मुंबईचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव बहुधा पावसाळ्यानंतरचा, वसंतात त्याची वाट पाहू नका. २०२५ च्या एप्रिलमध्ये प्रभादेवीच्या पु. ल. देशपांडे महाराष्ट्र कला अकादमीत 'चित्रपताका' हा मराठी चित्रपट महोत्सव मोफत झाला होता, तसे कार्यक्रम तिथल्या फलकावर आणि वर्तमानपत्रात आधी कळतात. वर्षभर चांगलं पाहायचं असेल तर १९६८ पासून चालणाऱ्या प्रभात चित्र मंडळासारख्या फिल्म सोसायटीचं सभासदत्व घ्या. कुठल्याही महोत्सवात दिवसाला तीनच चित्रपट धरा, दोन खेळांत किमान चाळीस मिनिटं ठेवा. चर्चा लांबते, पहिला खेळ उशिरा सुटतो, आणि पुढच्याची रांग तोपर्यंत जिन्यावर गेलेली असते. उपशीर्षकं वाचायची असल्याने अगदी पुढच्या चार रांगा नकोत. पेडर रोडच्या गुलशन महालातलं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सोमवारी बंद. इतर दिवशी भर उन्हाचे दोन-तीन तास तिथे मजेत जातात.

तिकीट आणि परतीची वाट

जुहूच्या पृथ्वी थिएटरमध्ये जेमतेम दोनशे आसनं, क्रमांक नाहीत, आणि उशिरा आलेल्याला आत घेत नाहीत. तिकीट काढलेलं असलं तरी पैसे परत मिळत नाहीत. जुहूच्या संध्याकाळच्या रहदारीत विलेपार्ले स्थानकाहून रिक्षाला अर्धा तास धरा. ॲपवर काढलेल्या तिकिटाचं चित्र आधीच फोनमध्ये साठवा; मोठ्या गर्दीत नेटवर्क पडतं आणि दारावर क्यूआर उघडत नाही. रात्री दहाला सुटणाऱ्या कार्यक्रमातून पश्चिम रेल्वेवाल्यांना घाई नसते, चर्चगेटहून बोरिवलीची शेवटची लोकल एकच्या सुमारास असते. कर्जत-कसाऱ्याच्या लोकांनी मात्र निघण्यापूर्वीच शेवटच्या गाडीची वेळ पाहून ठेवावी, कारण सीएसएमटीहून लांब पल्ल्याच्या लोकल त्याआधी संपतात.