एजंट म्हणाला ‘इनसाइड’, तर पुढे काय करावं?

मागे एका कामासाठी एजंटचा फोन आला. लंडनमधली बँक, सहा महिने, डे रेट ५०० पौंड. मी विचारलं, “इनसाइड की आउटसाइड?” म्हणजे हे काम आयआर ३५ या ब्रिटिश करनियमाच्या आत येतं की बाहेर. पोरगा पटकन म्हणाला, “इनसाइड. आमच्याकडे सगळेच रोल इनसाइड असतात.” कोणी ठरवलं? “आमच्या कम्प्लायन्स टीमने.”

इथेच घोडं पेंड खातं. ब्रिटनमध्ये आयएलआर (कायम राहण्याची परवानगी) मिळाल्यावर नोकरी सोडून स्वतःची लिमिटेड कंपनी काढणारे मराठी आयटीवाले कमी नाहीत, आणि त्यांतल्या अनेकांचं आयआर ३५ चं शिक्षण एजंटच्या फोनवरच होतं. एजंटचं शिक्षण कुठे झालं, हे मात्र कोणी विचारत नाही.

नियम थोडक्यात असा. मध्ये तुमची कंपनी नसती, तर तुम्ही त्या क्लायंटचे नोकर ठरला असता का? ‘हो’ असेल तर इनसाइड, म्हणजे नोकरदारासारखा कर; ‘नाही’ असेल तर आउटसाइड. नियम २००० सालापासून आहे, नाव पडलं ते इनलँड रेव्हेन्यू या तेव्हाच्या करखात्याच्या १९९९ मधल्या ३५ क्रमांकाच्या प्रसिद्धीपत्रकावरून. पूर्वी हे उत्तर कॉन्ट्रॅक्टरची कंपनीच द्यायची. सरकारी कामांत २०१७ पासून आणि मोठ्या व मध्यम खासगी कंपन्यांत ६ एप्रिल २०२१ पासून ते क्लायंटने द्यायचं असतं. एजन्सीचं काम सहसा कर कापून भरायचं. कापण्यात चूक झाली तर बालंट तिच्यावर येतं, म्हणून घाबरून ती सगळ्यांनाच एका दावणीला बांधते.

आधी कागद मागा

क्लायंटने दिलेल्या निर्णयपत्राला ‘स्टेटस डिटर्मिनेशन स्टेटमेंट’ म्हणतात, बोलीत एसडीएस. त्यात निर्णय हवा आणि कारणंही हवीत. ते एजन्सीला मिळून भागत नाही, तुमच्याही हातात पडायला हवं. ‘वाजवी काळजी’ न घेता निर्णय दिला तर कराची जबाबदारी क्लायंटच्याच गळ्यात राहते. एकसारख्या अटींवर एकसारखं काम करणाऱ्यांचा एकत्र विचार करायला हरकत नाही, पण काम न बघता सरसकट शिक्का मारणं म्हणजे काळजी नव्हे.

मी त्या पोराला वाद न घालता एका ओळीचं मेल टाकलं: ‘क्लायंटचा एसडीएस कारणांसकट पाठवा, मग दराचं बोलू.’ तीन दिवसांनी उत्तर आलं, क्लायंटने अजून काही ठरवलेलंच नाही.

क्लायंट नक्की कोण, ते तपासा

आपल्या लोकांच्या बाबतीत हा घोळ फार. समजा, बँकेने एक अख्खी सेवा भारतीय आयटी कंपनीला कंत्राटाने दिली आहे आणि त्या कंपनीने एजन्सीमार्फत तुम्हाला घेतलं. सेवा खरोखर पूर्ण सोपवलेली असेल, तर कायद्याच्या नजरेत तुमचा क्लायंट ती आयटी कंपनी, बँक नव्हे. पण आयटी कंपनी नुसती माणसं पुरवत असेल, तर क्लायंट बँकच.

दुसरा प्रकार: रेडिंगमध्ये घरी बसून थेट पुण्यातल्या कंपनीचं काम. त्या कंपनीची ब्रिटनमध्ये ना नोंदणी ना कायमची शाखा, तर निर्णय पुन्हा तुमच्या कंपनीने घ्यायचा आणि चुकला तर भुर्दंडही तिलाच. क्लायंट ‘छोटी’ खासगी कंपनी असेल तरी हेच. उलाढाल, ताळेबंद आणि ५० पर्यंत कर्मचारी, या तीनपैकी दोन कसोट्यांत बसणारी ती छोटी. यांतल्या पैशांच्या मर्यादा २०२५ मध्ये वाढल्या (उलाढालीची १ कोटी २ लाखांवरून दीड कोटी पौंड), पण त्याचा परिणाम या नियमावर लगेच होत नाही. म्हणून एजंटच्या आकड्यावर जाऊ नका, ‘तुम्ही छोटे आहात का’ हे क्लायंटलाच लेखी विचारा. ४५ दिवसांत सांगणं त्याला बंधनकारक आहे.

कारणं वाचा

“दोन वर्षं झाली, आता इनसाइड व्हावंच लागेल.” चूक. २४ महिन्यांचा नियम प्रवासखर्चाचा आहे, त्याचा याच्याशी संबंध नाही. “करारात बदली माणूस पाठवायचं कलम आहे, म्हणजे आउटसाइड.” तेही खरं नाही. क्लायंट आणि एजन्सी यांच्या करारात ती मुभा नसेल, किंवा बदली माणूस क्लायंट प्रत्यक्षात दारातही उभा करणार नसेल, तर ते कलम शोभेचं. “पुढच्या कामाची हमी नाही, म्हणून आउटसाइड” हेही टिकत नाही. इंग्लंडमधल्या फुटबॉल पंचांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने २०२४ मध्ये सांगितलं की एकेका सामन्यापुरतंही परस्पर बंधन असू शकतं.

एचएमआरसीच्या, म्हणजे आताच्या करखात्याच्या, सेस्ट या स्टेटस तपासायच्या ऑनलाइन साधनात स्वतः खरी उत्तरं भरा आणि पीडीएफ जपून ठेवा. रोजचं काम कसं चालतं ते लिहा, करारात काय छापलंय ते नव्हे.

मग दर

“इनसाइड, म्हणून अम्ब्रेला” असं एजंट म्हणतो. अम्ब्रेला म्हणजे तुम्हाला नोकरीवर ठेवून पगार देणारी मधली कंपनी. खरं तर तिथे तुम्ही त्या कंपनीचे नोकर असता, आयआर ३५ चा प्रश्नच उरत नाही. खरा प्रश्न विचारा: ५०० हा तुमचा पगार की अम्ब्रेलाला मिळणारी रक्कम? आठवड्याचे २५०० आले असं धरा. अम्ब्रेलाचे २५ वजा, मग मालकाचा नॅशनल इन्शुरन्स (सामाजिक विम्याचा हप्ता) १५ टक्के (आठवड्याच्या पहिल्या ९६ पौंडांवर माफ) आणि अर्धा टक्का अप्रेंटिसशिप लेव्ही (शिकाऊ उमेदवारांच्या प्रशिक्षणासाठीचा कर). पेन्शन न धरताही ढोबळ पगार उरतो सुमारे २१५५, म्हणजे दिवसाला ४३१, तोही सुट्टीचे पैसे धरून. तुमचा स्वतःचा कर यानंतर. हा हिशेब एजन्सीने ‘की इन्फर्मेशन डॉक्युमेंट’मध्ये आधीच द्यायचा असतो, करारावर सही करण्यापूर्वी तो मागा.

लिमिटेड कंपनीतूनच इनसाइड काम करत असाल, तर मालकाचा इन्शुरन्स तुमच्या रकमेतून कापता येत नाही. कमी दर ठरवून घेणं मात्र त्यांच्या हातात आहे, आणि ते घेतात. कंपनी व्हॅटला नोंदलेली असेल तर इनव्हॉइसवर व्हॅट लावायचाच. कर कापायचा तो व्हॅट सोडून उरलेल्या रकमेवर, हे एजन्सीच्या अकाउंट्सवाल्याला मी दोनदा समजावलंय.

पटलं नाही तर

हरकत लेखी घ्या आणि क्लायंटला पाठवा, एजन्सीला फक्त प्रत. शेवटचं बिल चुकतं होण्यापूर्वी पाठवा. क्लायंटला ४५ दिवसांत उत्तर द्यावंच लागतं: निर्णय कायम, कारणं ही, किंवा बदलला, या तारखेपासून. उत्तर दिलं नाही तर कर कापायची जबाबदारी एजन्सीवरून क्लायंटवर सरकते. तोवर कपात चालू राहील, त्यामुळे घरखर्चाचा हिशेब इनसाइड धरूनच करा.