कॉर्नियाचा कॉन्फोकल स्कॅन: नसेला बुरशी समजू नका, आणि या चुकाही टाळा

ऊसतोडीच्या दिवसांत पाचट लागलेले डोळे येतात, सुगीत कुसळ गेलेले. बहुतेकांनी आधी मेडिकलमधून थेंब आणून घातलेले असतात, त्यात स्टेरॉइड असतं, आणि बुबुळावर पांढरं दिसायला लागल्यावर माणूस आमच्यापर्यंत पोहोचतो. अशा वेळी कॉर्नियाचे, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचे, थराथराने काप दाखवणारा लेझर कॉन्फोकल मायक्रोस्कोप फार मोठा आधार असतो. बुरशीचे तंतू जिवंत डोळ्यातच काही मिनिटांत दिसतात. कल्चरला, म्हणजे नमुन्यातला जंतू प्रयोगशाळेत वाढवून ओळखायला, काही दिवस लागतात, कधी आठवडाही. पण त्या घाईतच वाचनाच्या चुका होतात.

सगळ्यात जास्त वेळा दिसलेली चूक म्हणजे चकाकती रेघ दिसली की ‘बुरशी’ लिहून मोकळं होणं. शिकत असताना मीही ती केली आहे. रोस्टॉक कॉर्निया मॉड्यूल या आमच्या कॉन्फोकल यंत्रावर एका चित्रात फक्त 400 बाय 400 मायक्रॉनचा तुकडा दिसतो, तोही जेमतेम काही मायक्रॉन जाडीचा काप. एवढ्याशा खिडकीतून पाहिलं तर निरोगी चेतातंतूही, म्हणजे कॉर्नियातली बारीक नसही, संशयास्पद वाटतो. म्हणून आधी खोली बघा. एपिथेलियमच्या (कॉर्नियाच्या सगळ्यात वरच्या थराच्या) तळाशी, साधारण 50 ते 60 मायक्रॉनवर, चेतातंतूंचं जाळं असतं. ते लांब, जवळजवळ समांतर धावतात आणि मध्यापासून किंचित खाली, नाकाच्या बाजूला भोवऱ्यासारखे वळतात. बुरशीचे तंतू त्यामानाने आखूड, वेडेवाकडे, एकमेकांत गुंतलेले असतात आणि जखमेच्या जागीच, बहुतेकदा स्ट्रोमात, म्हणजे कॉर्नियाच्या मधल्या जाड थरात, सापडतात. तरीही शंका उरली, तर रुग्णाचा दुसरा, चांगला डोळा त्याच खोलीवर स्कॅन करा. चेतातंतू तिथेही दिसतील, बुरशी दिसणार नाही. या पाच मिनिटांचा कंटाळा करू नका.

तंतू बुरशीचेच वाटले तरी जातीचं नाव लिहायची घाई नको. फांद्या 45 अंशांत फुटल्या तर अ‍ॅस्परजिलस, काटकोनात फुटल्या तर फ्युझेरियम, असं आपण पाठ केलेलं असतं. मदुराईच्या अरविंद रुग्णालयातल्या रुग्णांवर झालेल्या अभ्यासात दोन्हींचा सरासरी कोन 60 अंशांच्या आसपासच निघाला. शिवाय पिथियम नावाचा जीव आहे. तो स्कॅनवर हुबेहूब बुरशीसारखा दिसतो, पण बुरशी नाही. त्याच्यावर बुरशीची औषधं बहुधा चालत नाहीत. लिनेझोलिड, अ‍ॅझिथ्रोमायसिनसारखी औषधं वापरावी लागतात. नॅटामायसिन हे बुरशीचं औषध घालूनही डोळा बिघडतच चालला असेल, तर हे नाव आठवायला हवं. म्हणून स्कॅन कितीही स्पष्ट आला तरी जखमेची खरवड घेऊन केओएच (त्या द्रावणात खरवड सूक्ष्मदर्शकाखाली बघणं) आणि कल्चर कराच.

कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांत किंवा घाण पाणी डोळ्यात गेलेल्यांत अकँथअमीबा या एकपेशीय जीवाचा विचार येतो. त्याची पुटी (सिस्ट) गोल, चमकदार, दुहेरी भिंतीची असते. सुजलेल्या कॉर्नियातल्या पांढऱ्या पेशीही गोल, चमकदार आणि जवळपास तेवढ्याच आकाराच्या असतात. एखाद्या ठिपक्यावर निदान करू नका. दुहेरी भिंत स्पष्ट दिसते का, पुट्या अनेक फ्रेममध्ये घोळक्याने आहेत का, हे शोधा.

आणि स्कॅन कोरा आला म्हणजे संसर्ग नाही, असं तर कधीच सांगू नका. साधे जिवाणू या यंत्राला दिसण्याइतके मोठे नसतातच. जखम दाट पांढरी असेल तर प्रकाश वरच विखुरतो आणि खालचं काही दिसत नाही.

आता यंत्राकडे येऊ. चित्रात काळ्या, समांतर रेघा उमटल्या तर यंत्राच्या टोकावरची, जेल भरून डोळ्याला टेकवायची टोपी डोळ्यावर जास्त दाबली गेली आहे. थोडी मागे घ्या. काळे गोल दिसले तर जेलमध्ये बुडबुडा आहे, जेल पुन्हा भरा. चित्र तिरकं ओढल्यासारखं आलं तर डोळा हलला आहे, कारण लेझर एकेक ओळ टिपत जातो. दुसऱ्या डोळ्याला बघायला ठरावीक खूण द्या. खोलीचा शून्य प्रत्येक रुग्णाला एपिथेलियमच्या वरच्या थरावर नव्याने लावा. सगळा कॉर्निया जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा, तिथे शून्य चुकला तर वर सांगितलेला खोलीचा हिशोबच कोसळतो. टोपी प्रत्येक रुग्णाला नवी. कॉर्निया फार पातळ झाला असेल किंवा छिद्र पडायची भीती असेल, तर टेकवून स्कॅन करूच नका.

मधुमेहाने नसांवर किती परिणाम झाला हे बघायलाही हाच स्कॅन वापरतात. तिथे चेतातंतू मोजताना वेगळा मोह होतो: सुंदर चित्र निवडण्याचा. भरगच्च फ्रेम घेतली की नसा चांगल्या दिसतात, विरळ घेतली की आजार वाढलेला वाटतो. एकमेकांवर न येणाऱ्या बऱ्याच फ्रेम घ्या, आणि त्या निवडायचा नियम मोजायच्या आधी ठरवा.

रिपोर्टमध्ये मी आता नुसतं ‘बुरशी’ लिहीत नाही. ‘180 मायक्रॉनवर, स्ट्रोमात, फांद्या फुटलेले तंतू, बुरशी किंवा पिथियमची शक्यता, कल्चर बाकी’ असं लिहिते, आणि तो कागद टाइप होण्याआधी सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेला फोन करते.