घरच्या वर्कशॉपमध्ये ऑफ-रोड गाडीची फ्रेम बनवताय? या चुका टाळा

फ्रेमचा सांधा तुटला की सगळे वेल्डिंगला नावं ठेवतात. पण तो सांधा हातात घेऊन नीट बघा. चूक बहुतेक वेळा मशीन सुरू करायच्या आधीच झालेली असते.

सुरुवात पाइपपासून. 'जाड पाइप घेतला की फ्रेम मजबूत' हा समज अर्धाच खरा आहे. बाहेरून 25 मिमी आणि भिंत 3 मिमी असलेला पाइप एकीकडे ठेवा, 32 मिमीचा 2 मिमी भिंतीचा दुसरीकडे. दुसरा वजनाला साधारण 9 टक्के हलका, तरी वाकायला दीडपटीहून जास्त ताठ. ताठपणा मुख्यतः व्यासातून येतो. मात्र पातळ भिंत दगडावर आपटली की लगेच चेपते आणि नवशिक्या हाताकडून वेल्डिंग करताना भोकही पडतं, म्हणून फार पातळही नको. क्रोमोलीबद्दलही (क्रोमियम आणि मॉलिब्डेनम मिसळलेलं स्टील) असंच. तो साध्या स्टीलपेक्षा जास्त ताण सोसतो, पण त्याच मापाचा पाइप लवचिकतेला तेवढाच राहतो. फ्रेम लवलवते म्हणून क्रोमोली आणाल तर ती तशीच लवलवेल. आणि घरात पडलेला नळाचा गॅल्व्हनाइज्ड पाइप वापरायचा मोह आवरा. जस्ताचा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो, शिवाय वेल्डमध्ये बारीक भोकं राहतात ती वेगळीच.

आता कापणी. दोन पाइप जिथे भेटतात तिथे एकाचं तोंड माशाच्या तोंडासारखं कापावं लागतं. होल सॉनं (गोल भोक पाडणाऱ्या करवतीनं) कापून झालं की जागेवर टेकवा आणि मागून टॉर्च धरा. उजेडाची जाड रेघ दिसली तर कानस घ्या, वेल्डिंग गन नव्हे. फट भरायला जितका धातू ओताल तितका तो थंड होताना आकसणार आणि पाइपला आपल्याकडे ओढणार. पुढचा सगळा वाकडेपणा इथूनच सुरू होतो.

माझ्या पहिल्या फ्रेमला हेच झालं. सांधे चांगले दिसत होते म्हणून उत्साहात डावी बाजू पूर्ण वेल्ड करून टाकली. उजवीकडे वळण्याआधी सहज कर्ण मोजले, तर फरक 11 मिमी! आदल्या संध्याकाळी दोन्ही कर्ण तंतोतंत होते. तेव्हापासून क्रम ठरलेला आहे. सपाट टेबलावर आख्खी फ्रेम नुसत्या टाक्यांवर, म्हणजे छोट्या तात्पुरत्या वेल्डवर, उभी करायची. इंजिन, सीट, पेडल सगळं प्रत्यक्ष ठेवून बघायचं. मग एक सांधा डावीकडचा, एक उजवीकडचा, असं थोडं थोडं वेल्ड करत जायचं. दर तीन-चार सांध्यांनंतर टेप हातात. कंटाळा येतो, येऊ द्या.

फ्रेम आधीच तिरकी झाली असेल तर हातोडा आणि साखळी काढू नका. ओढून सरळ केलेली फ्रेम सोडली की परत सरकते, कारण ताण आतच असतो. ज्या सांध्यानं ओढलंय तो ग्राइंडरनं कापा, पाइप मोकळा होऊ द्या, मग पुन्हा टाका मारा. साध्या स्टीलचा एखादा पाइप किंचित वाकला असेल तर फुगलेल्या बाजूला लहानसा ठिपका लालसर तापवून थंड होऊ द्यावा. तीच बाजू आकसते आणि पाइप सरळ व्हायला लागतो. क्रोमोलीवर हा प्रयोग नको.

सस्पेन्शनचे ब्रॅकेट पाइपच्या मधोमध लावणं ही सगळ्यात महाग पडणारी चूक. प्रत्येक खड्ड्याला पाइप वाकतो, आणि काही फेऱ्यांनंतर ब्रॅकेटच्या कडेला केसासारखी रेघ उमटते. लोक त्या रेघेवरूनच वेल्ड फिरवतात, मग ती शेजारून परत येते. रेघेच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडा, मधला भाग व्ही आकारात खोल घासून काढा, मग भरा. एवढं करूनही मूळ दुखणं तसंच राहतं, म्हणून त्या जागी तिरका पाइप देऊन ब्रॅकेटचा भार सांध्याकडे न्या. चौकोनाला कर्ण दिला की त्रिकोण होतो, आणि त्रिकोण सहजी हलत नाही. नवी फ्रेम असेल तर स्प्रिंग काढून चाक पूर्ण वर, पूर्ण खाली आणि दोन्ही टोकांना वळवून बघा. टायर कुठे घासतो ते तेव्हाच कळतं.

डोक्यावरची जागा हेल्मेट घालून, पट्टा बांधून मोजा. विद्यार्थ्यांनी ऑफ-रोड गाड्या बनवायच्या बाहा एसएई स्पर्धेत हेल्मेट आणि पाइपमध्ये 152 मिमी अंतर मागतात, घरच्या फ्रेमलाही तेच माप धरा. ऑइल फिल्टर निघतो का, हेही टाके असतानाच बघा. नट-बोल्टसाठी पोकळ पाइपला आरपार भोक पाडलं तर आत स्लीव्ह (बोल्ट जाईल अशी छोटी नळी) वेल्ड करा, नाहीतर आवळताना पाइप चेपतो.

एका गोष्टीत मात्र मस्करी नको. ब्रेक क्लीनरनं पाइप पुसून लगेच वेल्डिंग करू नका. क्लोरीनयुक्त क्लीनर वेल्डिंगच्या आर्कजवळ आला तर फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. अॅसिटोनने पुसा, डबा लांब ठेवा आणि पाइप पूर्ण वाळू द्या.

आणि रंगाची घाई करू नका. पहिल्या काही फेऱ्या फिक्या प्रायमरवरच मारा. तडा गेला असेल तर त्यावर गंजाची तांबडी रेघ लगेच दिसते. काळ्या चकचकीत रंगाखाली ती लपून राहते.