शाश्वत शेती करताना या चुका टाळा (आणि जरा दम धरा)

"शाश्वत शेती करायची आहे, आधी काय बंद करू?" नवा माणूस भेटला की पहिला प्रश्न हाच. आधी काय सुरू करू, असं विचारणारा क्वचितच भेटतो. संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने १९८७ मध्ये दिलेल्या ब्रुंटलँड अहवालातली शाश्वततेची व्याख्या सगळे सांगतात, पण अर्धीच. पुढच्या पिढ्यांच्या गरजांना धक्का लागू नये, हे खरंच. पण त्याच वाक्यात आजची गरज भागली पाहिजे, हेही आहे. माती, पाणी आणि जैवविविधता जपायची, तशी शेतकऱ्याची मिळकतही जपायची. तोट्यातली शेती कितीही हिरवी दिसली तरी फार वर्षं चालत नाही.

एका हंगामात सगळं बंद

२०२१ मध्ये श्रीलंकेने रासायनिक खतांच्या आयातीवर एकदम बंदी घातली. भाताचं उत्पादन घसरलं, चहाला फटका बसला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बंदी मागे घ्यावी लागली. एवढं सगळं पाहूनही "यंदापासून एक दाणा रासायनिक नाही" असं छाती पुढे काढून सांगणारे भेटतातच.

साधा हिशोब करा. युरियात ४६ टक्के नत्र (नायट्रोजन) असतं, शेणखतात जेमतेम अर्धा टक्का. म्हणजे शंभर किलो युरियाचं नत्र शेणखतातून द्यायचं तर नऊ टनांच्या वर खत लागेल, आणि त्यातलंही पहिल्याच हंगामात पिकाला मिळतं ते थोडंच. बाकीचं सावकाश सुटतं. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड या शेती संशोधन केंद्रात १८४३ पासून एकाच शेतात गव्हाचा प्रयोग चालू आहे. तिथे दरवर्षी शेणखत दिलेल्या वाफ्यांतला सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या पदार्थांतून मातीत आलेला कार्बन) वाढला, पण कित्येक दशकांत. तुम्हाला तो पुढच्या तपासणीतच हवा असतो.

मी एकच तुकडा आधी बदलायला घेतो. त्यात द्विदल पीक आणि आच्छादन आणतो, आणि माती साथ देऊ लागली की मगच खताची मात्रा उतरवतो. बाकीचं शेत तोवर जसं आहे तसं.

कच्चं शेणखत

ही माझी दुखरी नस. ओळखीच्या एका हौशी जोडप्याने टोमॅटोची रोपं लावायच्या जेमतेम आठवडाभर आधी रानात शेणखत टाकलं. गोठ्यातला ताजा माल, त्यात निम्मा गव्हांडा, म्हणजे गव्हाचा काड. काही आठवड्यांत खालची पानं पिवळी पडली. त्यांना वाटलं रोग आहे, म्हणून निंबोळी अर्क फवारला. फरक पडेना, तेव्हा "पोषण कमी पडतंय" म्हणून तेच खत आणखी ओतलं! मी गेलो तेव्हा मातीत गव्हाची काडी अखंड, चकचकीत दिसत होती. उरलेल्या ढिगात हात घातला तर चटका, आणि वास नाक जाळणारा.

गव्हांड्यात एक भाग नत्रामागे साधारण ८० भाग कार्बन असतो. तो कुजवणाऱ्या जिवाणूंना काम भागवायला हे प्रमाण २४ च्या आसपास लागतं. मग कमी पडलेलं नत्र ते मातीतून उचलतात आणि पीक उपाशी राहतं. उभं पीक वाचवायला थोडा युरिया द्या म्हटलं, तर दोघांनी असं पाहिलं जणू मी विष कालवायला सांगतोय. नाहीच दिला. अर्धं पीक गेलं आणि दोष आला सेंद्रिय शेतीवर. उरलेला ढीग मात्र त्यांनी ओलावा राखून, उलथापालथ करत कुजवला. पुढच्या हंगामात त्याच रानात तेच खत उत्तम चाललं.

खत तयार झालं की नाही, हे मी नाकाने ठरवतो. मूठभर ओलसर खत पिशवीत घट्ट बांधून तीन-चार दिवस ठेवायचं. उघडल्यावर मातीचा वास आला तर रानात टाकायचं. अमोनियाचा किंवा नासका वास आला तर परत ढिगात. "लवकर कुजवणारी" पावडर विकणाऱ्यांना मी दारातूनच नमस्कार करतो.

बाकीच्या, थोडक्यात

फेरपालट म्हणजे टोमॅटोनंतर मिरची आणि मिरचीनंतर वांगं नव्हे. ही सगळी एकाच कुळातली, त्यामुळे रोगांना घर बदलावं लागत नाही. कूळ बदला.

ताग, धैंचा ही मातीत गाडून खत करायची पिकं. ती फुलोऱ्याच्या सुमारास गाडा. "अजून थोडा वाढू दे" म्हणून थांबलात की खोड लाकडी होतं, आणि मग वरची गव्हांड्याची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून.

नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी, हा समज सोडा. पायरेथ्रम हे कीटकनाशक फुलातूनच येतं, पण मधमाशीला मारतं. बोर्डो मिश्रण या बुरशीनाशकातलं तांबं कुजत नाही, मातीत साठत जातं. म्हणूनच युरोपीय संघाने सात वर्षांत हेक्टरी २८ किलो अशी त्याला मर्यादा घातली आहे.

ठिबक बसवलं आणि वाचलेल्या पाण्यावर क्षेत्र वाढवलं, तर विहिरीला काय मिळालं?

द्विदल पिकाच्या मुळांवर गाठी दिसल्या की लोक खूश होतात. एखादी गाठ कापून बघा. आत गुलाबी-लाल असेल तर हवेतलं नत्र स्थिर होतंय. पांढरी किंवा हिरवट असेल, तर पुढच्या पेरणीला त्याच पिकासाठीचं ताजं रायझोबियम (या गाठी करणारे जिवाणू) बियाण्याला लावा, आणि ते लावलेलं बी उन्हात ठेवू नका.

मातीचा नमुना दरवर्षी त्याच महिन्यात, त्याच खोलीवरून घ्या. एका वर्षी बांधाजवळून आणि दुसऱ्या वर्षी मधून घेतलात, तर अहवालातली वाढ मातीची नसेल, जागेची असेल.