उद्योजिकांसाठी चित्रपट-प्रदर्शन आणि चर्चा कशी आयोजित करावी

घरगुती उद्योग करणाऱ्या महिलांचा गौरव म्हणजे शाल, श्रीफळ आणि चार भाषणे, ही पद्धत इंदूरच्या आपल्या मंडळांत इतकी रुळली आहे की त्यांच्या व्यवसायाविषयी त्यांच्याच तोंडून ऐकायला वेळ उरत नाही. चित्रपटाच्या निमित्ताने ते बोलणे घडवून आणायचे असेल, तर आधी चर्चेचे विषय ठरवावेत आणि मग त्यांना साजेसा चित्रपट निवडावा.

तारीख ठरवताना या महिलांचा हंगाम पाहावा. १९ नोव्हेंबरचा महिला उद्योजकता दिन कागदावर योग्य वाटतो, परंतु तोवर फराळाची धावपळ संपून रुखवताची कामे सुरू झालेली असतात, आणि मार्चपासून वाळवणांचे दिवस येतात. त्यामुळे संक्रांत ते रथसप्तमी या काळातील रविवारची दुपार बरी. मात्र निमंत्रण हळदीकुंकवाचे नसावे, कारण त्या नावाने विधवा भगिनी येण्यास संकोचतात, आणि संसार सावरण्यासाठी उद्योग उभारणाऱ्यांत त्याही असतात. रामबाग, लोकमान्यनगर किंवा सुदामानगर भागातील एखाद्या मंडळाचे साधे सभागृह पुरेसे आहे.

चित्रपट अर्ध्या ते पाऊण तासाचा असावा. 'इंग्लिश विंग्लिश' (२०१२) या चित्रपटातील शशी गोडबोले लाडू करून विकते, म्हणून तो हमखास सुचवला जातो. पण तो पाहिल्यावर चर्चा लाडवांच्या धंद्यापेक्षा इंग्रजीकडेच वळण्याचा संभव अधिक. चित्रपट कोणताही असो, हक्कधारकाकडून सार्वजनिक प्रदर्शनाची लेखी परवानगी घ्यावी आणि सेन्सॉरच्या प्रमाणपत्राचीही चौकशी करावी. प्रवेश विनामूल्य असला तरी घरच्या ओटीटी वर्गणीवर सभागृहात चित्रपट दाखवता येत नाही.

चित्रपट संपताच दिवे लावून खुर्च्या गोलाकार मांडाव्यात. सूत्रसंचालन वक्तृत्वासाठी प्रसिद्ध असलेल्या व्यक्तीकडे न देता स्वतः धंद्याची वही लिहिणाऱ्या एखाद्या ताईंकडे द्यावे. पुरणपोळीचा दर ठरवताना गॅस आणि गूळ मोजला जातो, पण स्वतःची मजुरी धरली जाते का? नात्यातल्यांची उधारी कशी मागावी? बँकेतले खाते कोणाच्या नावावर आहे? असे प्रश्न आधीच लिहून ठेवावेत, म्हणजे 'तुमच्या यशाचे रहस्य काय' असे विचारण्याची वेळ येत नाही. १९५९ मध्ये मुंबईच्या गिरगावात सात महिलांनी ८० रुपये उसने घेऊन 'लिज्जत'ची सुरुवात केली, हे बहुतेकींना ठाऊक असते. तिथे सदस्य भगिनी नफ्याप्रमाणे तोट्यातही वाटेकरी असतात, हा मुद्दा काढला तर भागीदारीविषयी मोकळेपणाने बोलले जाते. आकडे सांगण्याची सक्ती मात्र कोणावरही करू नये, विशेषतः सासरची मंडळी समोर बसलेली असताना.

जवळच्या बँक शाखेतील अधिकाऱ्यांना शेवटची पंधरा मिनिटे द्यावीत. मुद्रा योजनेच्या शिशू गटात ५०,००० रुपयांपर्यंतचे कर्ज तारणाविना मिळते आणि लहान उद्योगांसाठीच्या सरकारी 'उद्यम' नोंदणीला शुल्क नाही, एवढे त्यांनी सांगितले आणि कागदपत्रांची यादी हातात दिली तरी पुरे.

विक्रीची टेबले चर्चेनंतरच उघडावीत, कारण चकलीचा वास आला की श्रोते जागेवर थांबत नाहीत. जाताना ज्यांची संमती असेल त्यांचीच नावे, वस्तू आणि दूरध्वनी क्रमांक एका कागदावर छापून प्रत्येकाला द्यावेत.