कंपायलर सापडत नाही म्हणून सायपाय अडतं तेव्हा

सायपाय, म्हणजे पायथनचा वैज्ञानिक गणिताचा संच, बसवायला घेतलं की पडद्यावर लाल अक्षरांच्या शंभर-दीडशे ओळी धावत जातात आणि शेवटी ‘फेल्ड बिल्डिंग व्हील’ असं येऊन सगळं थांबतं. ही शेवटची ओळ उचलून नेटवर शोधू नका. व्हील, म्हणजे बसवायला तयार गाठोडं, बनलं नाही, एवढंच ती सांगते. का बनलं नाही ते पुष्कळ वर, मधल्याच कुठल्या तरी ओळीत असतं. भौतिकशास्त्र आणि हवामानशास्त्राच्या विद्यार्थ्यांना संगणक लावून देण्याचं काम मी बरीच वर्षं करतो आहे. शेवटच्या ओळीवरून सापडलेले पाच-सहा उपाय एकावर एक करून मशीन पार बिघडवलेली मुलं दर सत्रात येतात, आणि प्रबंधाचा एक आख्खा आठवडा त्यात गेलेला असतो. त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये नेहमीच्या स्पेलिंगने टाका. पायथन सुरू करता येतं, व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट बनवता येतं, हे गृहीत धरतो. पिप हे पायथनची पॅकेजं बसवणारं साधन; ते ‘सुडो पिप’ असं, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने, चालवा असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. सिस्टिमचं पायथन उबंटूच्या स्वतःच्या साधनांना लागतं, ते बिघडलं तर दुरुस्ती फार लांबते.

आधी बघा, कंपायलर लागतोय का

कंपायलर म्हणजे मूळ कोडचं मशीनला चालवता येईल असं रूप करणारा प्रोग्रॅम. बहुतेकांना तो लागतच नाही. सायपाय आणि ते ज्यावर उभं आहे ते नमपाय यांची आधीच कंपाइल करून बांधलेली गाठोडी, म्हणजेच व्हील, तयार मिळतात आणि पिप तीच उतरवून घेतं. तुमच्या मशीनला जुळणारं व्हील सापडलं नाही, की पिप न विचारता मूळ सोर्स आणतं आणि तो तुमच्याकडेच कंपाइल करायला घेतं. एरर कंपायलरचा दिसतो, पण खरं दुखणं व्हील न जुळण्याचं असतं.

न जुळण्याची कारणं ठरलेली आहेत. सगळ्यात जास्त वेळा पिप जुनं असतं. व्हीलच्या नावातच ते कोणत्या पायथनसाठी आणि कोणत्या लिनक्ससाठी आहे याचं लेबल असतं. ‘मेनीलिनक्स२०१४’ हे लेबल पिप १९.३ पासून वाचता येतं आणि ‘मेनीलिनक्स_२_२८’ सारखी आकडेवाली लेबलं २०.३ पासून. उबंटू १८.०४ सोबत पिप ९.०.१ यायचं, त्याला यातलं काहीच वाचता येत नाही. समोर गाठोडं असूनही ते सोर्सकडे वळतं. दुसरं कारण पायथन फार नवं असणं: नवी आवृत्ती निघाली की तिची व्हील यायला थोडा काळ जातो, आणि तुम्ही जुनं सायपाय मागत असाल तर ती कधीच येत नाहीत. तिसरं, विंडोजवर चुकून ३२-बिट पायथन बसलेलं असतं. चौथं, सिस्टिमची मूळ सी लायब्ररी, म्हणजे जीलिबसी, जुनी असते.

म्हणून पिप अद्ययावत करा आणि मग ‘पिप इन्स्टॉल --ओन्ली-बायनरी=:ऑल: सायपाय’ असं द्या. आज्ञेतल्या ‘--’ ने सुरू होणाऱ्या या खुणेमुळे पिप कंपाइल करायला जातच नाही. व्हील असेल तर बसेल, नसेल तर ‘नो मॅचिंग डिस्ट्रिब्युशन’ असं सरळ सांगेल. मी ही खूण दिल्याशिवाय कुणाच्याही मशीनवर सायपाय बसवत नाही. नकार आलाच तर एक पायरी जुनं पायथन घ्या, उदाहरणार्थ ३.१२. दहातल्या आठ जणांचं काम इथेच संपतं, त्यांनी पुढचं वाचायची गरज नाही.

खरंच लागत असेल तर

तुम्ही सायपायच्याच कोडमध्ये बदल करत असाल, किंवा गाइडच्या दहा वर्षं जुन्या कोडला तेवढंच जुनं सायपाय हवं असेल, तर कंपायलर हवाच. इथे नव्वद टक्के सल्ले एकच चूक करतात. उबंटूवर ‘बिल्ड-इसेन्शियल’ बसवा, झालं, असं सांगतात. त्या पॅकेजात जीसीसी (सीचा कंपायलर), जी++ (सी++चा) आणि मेक (बांधणीचं साधन) येतं. फोर्ट्रान या जुन्या गणिती भाषेचा कंपायलर येत नाही. तो ‘जीफोरट्रान’ नावाने वेगळा बसवावा लागतो. सायपायच्या पोटात आर्पॅक, क्वाडपॅक, ओडीईपॅक, मिनपॅक असे जुने फोर्ट्रान संच आहेत. अलीकडच्या आवृत्त्यांत ते टप्प्याटप्प्याने सी आणि पायथनमध्ये आणले जात आहेत, पण जुनं सायपाय हवं असेल तर फोर्ट्रानला पर्याय नाही.

उबंटू आणि डेबियनवर: बिल्ड-इसेन्शियल, जीफोरट्रान, पायथन३-डेव्ह, लिबओपनब्लास-डेव्ह (मॅट्रिक्सच्या गणिताची, म्हणजे ब्लासची, लायब्ररी), पीकेजी-कॉन्फिग (लायब्रऱ्या शोधून देणारं साधन). फेडोरावर तेच, फक्त नावं जीसीसी-जीफोरट्रान, पायथन३-डेव्हल, ओपनब्लास-डेव्हल अशी. मॅकवर ‘एक्सकोड-सिलेक्ट --इन्स्टॉल’ दिल्याने क्लँग हा सीचा कंपायलर मिळतो, फोर्ट्रान तिथेही नसतो. होमब्रू या मॅकच्या पॅकेज साधनातलं ‘जीसीसी’ बसवलं की जीफोरट्रान सोबत येतं.

विंडोजवर ‘मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी++ १४.० ऑर ग्रेटर इज रिक्वायर्ड’ असा एरर येतो. मुलं बिचारी हॉस्टेलच्या वायफायवर ती बिल्ड टूल्स उतरवतात, काही जीबी डेटा जातो, आणि सायपाय पुन्हा अडतं, कारण त्यातही फोर्ट्रान नाही. विंडोजवर सोर्समधून सायपाय कंपाइल करायला जाऊ नका. डब्ल्यूएसएल, म्हणजे विंडोजमध्येच चालणारं लिनक्स, घ्या किंवा कॉन्डा या पॅकेज साधनाच्या कॉन्डा-फोर्ज या भांडारातून तयार पॅकेज घ्या.

लॉग वाचणं

पिपला ‘-व्ही’ आणि ‘--नो-क्लीन’ या दोन खुणा द्या आणि सगळं एका फाइलीत वळवा. दुसरी खूण विसरू नका. सायपाय १.९ पासून बांधणी मेसॉन या साधनाने होते आणि एररमध्ये मेसॉनच्या लॉगचा पत्ता छापलेला असतो, पण पिप अपयशी ठरलं की तो तात्पुरता फोल्डर स्वतःच पुसून टाकतं. पत्ता उरतो, फाइल नसते.

आता फाइलीत वरून खाली ‘एरर’ शोधत या आणि पहिल्या जागी थांबा. पुढचे सगळे एरर बहुधा त्याचीच पिल्लं असतात. ‘अननोन कंपायलर’ आणि पुढे जीफोरट्रान, फ्लँग अशी यादी दिसली तर फोर्ट्रान नाही. ‘पायथन.एच: नो सच फाइल’ म्हणजे डेव्ह पॅकेज नाही. ‘डिपेंडन्सी ओपनब्लास नॉट फाउंड’ म्हणजे एक तर ती लायब्ररी नाही, नाही तर पीकेजी-कॉन्फिग नाही. ‘नमपाय रिक्वायर्स जीसीसी’ आणि पुढे ८.४ किंवा ९.३ असा आकडा असेल, तर कंपायलर आहे पण म्हातारा आहे. ‘किल्ड’ आणि ‘सीसी१प्लस’ एकत्र दिसले तर मेमरी संपली; ‘-सीकंपाइल-आर्ग्ज=-जे२’ देऊन एका वेळी दोनच कामं चालू ठेवा.

एक खास जुन्या आवृत्त्यांचं. जीसीसी १० पासून फोर्ट्रान कंपायलर कडक झाला आणि ‘रँक मिसमॅच’ किंवा ‘टाइप मिसमॅच’ म्हणून जुना कोड नाकारू लागला. ‘-एफअलाउ-आर्ग्युमेंट-मिसमॅच’ दिलं की चालतं. मात्र मेसॉनच्या आधीच्या बांधणीत एफफ्लॅग्ज किंवा एलडीफ्लॅग्ज हे चल, म्हणजे टर्मिनलमध्ये नाव देऊन ठेवलेल्या किमती, भरले की ते मूळच्या खुणांमध्ये मिळवले जात नाहीत, मूळच्या खुणाच पुसल्या जातात, आणि ‘अनडिफाइन्ड रेफरन्स टू मेन’ असा भलताच एरर येतो. ‘एनपीवाय_डिस्टयुटिल्स_अपेंड_फ्लॅग्ज’ हा चल १ करा, म्हणजे त्या जोडल्या जातात.

बसलं, पण इम्पोर्ट होत नाही

इथे मी स्वतः तीन दिवस अडकलो होतो, म्हणून सावकाश सांगतो.

कंपाइल व्यवस्थित झालेलं असतं. ‘इम्पोर्ट सायपाय.लिनॅल्ग’ म्हटलं की येतं: ‘लिबजीफोरट्रान.एसओ.३: कॅनॉट ओपन शेअर्ड ऑब्जेक्ट फाइल’. फोर्ट्रानमधून बनलेल्या प्रत्येक तुकड्याला चालताना लिबजीफोरट्रान ही लायब्ररी सोबत लागते. तिच्या नावातला शेवटचा आकडा कंपायलरच्या पिढीचा आहे: जीसीसी ६ पर्यंत ३, जीसीसी ७ ला ४, आणि ८ पासून ५. म्हणजे हा तुकडा जुन्या कंपायलरने बनवला आहे आणि आता नव्या मशीनवर उभा आहे.

नेटवर याला एक उपाय जागोजागी मिळतो: लिबजीफोरट्रान.एसओ.५ ला .३ असं नाव देणारी सिमलिंक करा. हे करू नका. मी केलं होतं. एका संस्थेच्या क्लस्टरवर, म्हणजे एकत्र जोडलेल्या संगणकांच्या समूहावर, नवे नोड (संगणक) आले होते, जुना कंपाइल केलेला कोड तसाच उचलून नेला होता, आणि दुसऱ्या दिवशी एका मुलीला निकाल दाखवायचे होते. सिमलिंक केल्यावर पहिला एरर गेला आणि ‘व्हर्जन जीफोरट्रान_१.० नॉट फाउंड’ असा दुसरा आला. तो यायलाच हवा. ३ आणि ५ या एकाच लायब्ररीच्या लहान-मोठ्या आवृत्त्या नाहीत. जीसीसी ८ मध्ये अक्षरांच्या ओळीची (स्ट्रिंगची) लांबी पाठवण्याचा आकडा ३२ बिटांवरून ६४ बिटांवर गेला आणि अ‍ॅरेचं वर्णन ठेवण्याची मांडणीही बदलली. एकीकडून जे पाठवलं जातं ते दुसरीकडे वेगळंच वाचलं जाईल. लायब्ररीने आवृत्ती तपासून दार बंद केलं हे चांगलंच झालं. चुकीचे आकडे बिनबोभाट मिळाले असते तर ते प्रबंधात छापले गेले असते.

तेव्हा मला हे कळलं नाही. मग मी दुसरा प्रसिद्ध उपाय केला: लायब्रऱ्या कुठे शोधायच्या ते सांगणाऱ्या ‘एलडी_लायब्ररी_पाथ’ या चलात कॉन्डाचा लिब फोल्डर घालून तो बॅशआरसी या टर्मिनल उघडताना दर वेळी वाचल्या जाणाऱ्या फाइलीत कायमचा लिहिला. सायपाय तरीही चाललं नाही, आणि संध्याकाळपर्यंत गिट आणि कर्लसुद्धा भलत्या लायब्रऱ्या उचलून बंद पडले. दुसऱ्या दिवशीचं सादरीकरण झालं नाही. ती मुलगी काही बोलली नाही, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं. हा चल बॅशआरसीत कधीही लिहू नका. कुणी लिहून ठेवला असेल तर आधी काढा, मगच पुढचं निदान करा.

बरोबर रीत अशी. ज्या फाइलीवर तक्रार आहे, ती .एसओ फाइल ‘एलडीडी’ ला द्या. तिला लागणाऱ्या लायब्रऱ्यांची यादी येईल. ज्या ओळीत ‘नॉट फाउंड’ आहे ती पहा, आणि ज्या सापडल्या आहेत त्या कुठून येतात तेही पहा. एक कॉन्डातून आणि दुसरी सिस्टिममधून येत असेल तर तिथेच घोळ आहे. मग ‘व्हिच जीसीसी’ आणि ‘व्हिच जीफोरट्रान’ विचारा. दोन्ही एकाच घरातले हवेत: दोन्ही सिस्टिमचे, किंवा दोन्ही कॉन्डाचे. कोणता कंपायलर वापरायचा ते सांगणारे सीसी, सीएक्सएक्स आणि एफसी हे तीन चलही तपासा; जुन्या कॉन्डा एन्व्हायर्नमेंटमधून ते मागे राहतात आणि नव्या बांधणीत नको तिथे शिरतात.

त्यानंतर एन्व्हायर्नमेंट पुसून टाका. दुरुस्त करू नका, पुसा. पिपचा साठा ‘पिप कॅश पर्ज’ ने रिकामा करा, कारण तुम्ही कंपाइल केलेलं सदोष व्हील पिप जपून ठेवतं आणि पुढच्या वेळी तेच परत देतं. मग एकाच कंपायलरने नमपाय आणि सायपाय दोन्ही पुन्हा बनवा. मी शेवटी हेच केलं, आणि त्याला चाळीस मिनिटं लागली.

हवामानवाल्यांनी हीच शिस्त डब्ल्यूआरएफ या हवामानाच्या मॉडेलसाठी पाळायची आहे. ‘नेटसीडीएफ.मॉड’ वाचता येत नाही, ते जीएनयू फोर्ट्रानच्या वेगळ्या आवृत्तीने बनवलं आहे, असा एरर तिथे येतो. मॉड फाइल ज्या कंपायलरची, त्यालाच वाचता येते याची खात्री धरता येते. नेटसीडीएफ-फोर्ट्रान ही डेटा वाचायची लायब्ररी त्याच कंपायलरने पुन्हा बनवा.

रूट (प्रशासकाचे अधिकार) नसेल तर

जुन्या क्लस्टरवर अजून सेंटओएस ७ हे जुनं लिनक्स दिसतं: जीसीसी ४.८.५, जीलिबसी २.१७, आणि अधिकृत आधार ३० जून २०२४ ला संपलेला. तिथल्या कंपायलरला सी++१७ येत नाही, त्यामुळे नवं सायपाय त्याने बनणारच नाही. आधी ‘मॉड्यूल अव्हेल’ द्या, क्लस्टरवर बसवून ठेवलेल्या सॉफ्टवेअरची यादी येईल. नवं जीसीसी बहुतेक वेळा तिथे असतं, कुणी सांगितलेलं नसतं इतकंच. मात्र ज्या मॉड्यूलने कंपाइल केलं तेच जॉब स्क्रिप्टमध्येही लोड करा, नाही तर लॉगिन नोडवर चालतं आणि रांगेत गेल्यावर पडतं. मॉड्यूल नसेल तर घरच्या फोल्डरात मिनिफोर्ज, म्हणजे कॉन्डाचं छोटं रूप, बसवा, रूट लागत नाही, आणि कॉन्डा-फोर्जवरून ‘कंपायलर्स’ हे पॅकेज घ्या. सी, सी++ आणि फोर्ट्रान तिन्ही एकाच घरातले मिळतात.

तपासणी

नुसतं इम्पोर्ट झालं म्हणून थांबू नका. ‘नमपाय.शो_कॉन्फिग()’ देऊन कोणतं ब्लास जोडलं गेलं ते पहा. पायटेस्ट आणि हायपोथेसिस ही चाचणीची पॅकेजं बसवून ‘सायपाय.लिनॅल्ग.टेस्ट()’ चालवा. मग ज्याचं उत्तर हाताने काढता येतं असं एक २ × २ मॅट्रिक्स घ्या, कर्णावर २ आणि २, बाजूला १ आणि १. आयगनव्हॅल्यू १ आणि ३ यायला हव्यात. आल्या की ‘जीफोरट्रान --व्हर्जन’ चं उत्तर प्रोजेक्टच्या रीडमी फाइलीत डकवा आणि आपल्या मूळ कामाकडे वळा.