कोठडीतल्या माणसाला औषध पोचवताय? या चुका टाळा

रात्री साडेदहाला मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं होतं. एक अक्का वाकून आत आल्या. हातात पेपरची पुडी, पुडीत नऊ गोळ्या, एकेक सुटी कातरलेली. नाव एकीवरही धड नाही; एकीच्या पाठीवर 'सोडिअम वॅ' एवढीच अक्षरं उरलेली.

"अण्णा, पोरगं दुपारपासून पोलीस स्टेशनात हाय. फिटच्या गोळ्या हैत त्याच्या. साहेब म्हणतेत, नावच दिसंना, काय म्हणून देऊ?"

साहेबांचं बरोबर होतं. अक्कांचंही. फिटची गोळी एकाएकी बंद झाली की झटके परत येतात, आणि कधी कधी एकामागून एक येत राहतात.

यात आम्ही मेडिकलवालेही निम्मे दोषी. चार गोळ्या मागितल्या की कात्री चालते आणि नाव, मुदत, बॅच नंबर उरलेल्या तुकड्यावर राहून जातं. आत द्यायचं औषध असेल तर अख्खी पट्टी, डॉक्टरांची चिठ्ठी आणि बिल एकत्र न्या. पुडी नको, डबी नको. "पांढरी सकाळी, पिवळी रात्री" असा तोंडी निरोप तर नकोच नको.

पोलीस कोठडी आणि कारागृह एकच समजणं

इथेच बहुतेकांची गल्लत होते. कारागृहात वैद्यकीय अधिकारी असतो. आत येणाऱ्या कैद्याची तपासणी आणि आजाऱ्यांसाठी रुग्णालय किंवा वेगळी जागा ही तरतूद १८९४ च्या कायद्यापासूनची आहे. सोलापूरच्या जिल्हा कारागृहात कुणी गेलं असेल तर औषधाचा निर्णय तिथल्या डॉक्टरचा. घरच्यांनी गेटवर गोळ्यांची पिशवी देऊन हुज्जत घालण्यापेक्षा जुने कागद त्या डॉक्टरपर्यंत कसे पोचतील ते पाहावं.

पोलीस स्टेशनच्या कोठडीत डॉक्टर बसलेला नसतो. अटकेनंतर लवकरात लवकर वैद्यकीय तपासणी करायची हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५३ मध्ये आहे. अटकेतल्या माणसाच्या तब्येतीची काळजी ज्याच्या ताब्यात तो आहे त्यानं घ्यायची, हे कलम ५६ मध्ये. डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं कोठडीत दर ४८ तासांनी तपासणी करायला सांगितलं आहे. म्हणजे सिव्हिलला तपासणीला नेतात तेव्हाच बोलायचं. बहुतेक जण तिथं गप्प राहतात, "काही त्रास नाही" म्हणून सुटका करून घेतात, आणि रात्री घाम फुटल्यावर ओरडतात. चालू औषधं तपासणीच्या कागदावर लिहून घ्या.

मग प्रत्यक्ष गोळी हातावर कोण ठेवणार? माझं मत सांगतो. कारागृहात नर्सनं किंवा फार्मासिस्टनं; बरॅकीतल्या जुन्या कैद्याच्या हातून वाटप कधीच नको. पोलीस कोठडीत नर्स नसेल तर ड्युटीवरच्या पोलिसानं द्यायला हरकत नाही, पण डॉक्टरांच्या कागदावर आहे तेवढीच, तेव्हाच. "आज बरा दिसतोय, कशाला गोळी?" किंवा "नाटक करतोय" हे त्यानं ठरवायचं नाही. कैद्यांसाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या नेल्सन मंडेला नियमांतही हेच आहे: उपचाराचा निर्णय वैद्यकीय माणसाचा, तुरुंगातल्या इतर कर्मचाऱ्यांनी तो फिरवायचा नाही. आमच्याकडे काउंटरवर फार्मासिस्ट नसला तर औषध फार्मासिस्टनंच द्यायचं म्हणून १९४८ चा फार्मसी कायदा दाखवतात. तोच कायदा लॉकअपच्या दारात कुणाला आठवत नाही, याची मला गंमत वाटते.

इन्सुलिनला गोळीसारखं वागवणं

इन्सुलिन टोचलं आणि जेवण दीड तास उशिरा आलं, तर साखर खाली जाऊन माणूस बडबडतो, घामाघूम होतो, बेशुद्ध पडतो. पाहणाऱ्याला वाटतं, प्यालेला आहे. उलट, लहान वयापासून इन्सुलिनवर असलेल्याचं ते पूर्ण बंद ठेवलं तर एक-दोन दिवसांत जीवावर बेतू शकतं. सुई कोठडीत ठेवू देत नाहीत. म्हणून दवाखान्यात नेणार की नर्स येणार, आणि जेवण किती वाजता, हे आधीच विचारून घ्या. आणि आपल्याकडचा उन्हाळा! एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. दुचाकीच्या डिकीत तासभर राहिलेली बाटली आत देऊ नका.

दारूची गोष्ट लपवणं

लाजेपोटी घरचे हे सांगत नाहीत. रोज हातभट्टी पिणाऱ्याची दारू अचानक तुटली की ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांनी भ्रम होऊ शकतो: भिंतीवर किडे दिसतात, नसलेल्या माणसांशी बोलणं सुरू होतं. याला औषध आहे, पण ते दवाखान्यात. घरातली झोपेची गोळी गुपचूप आत सरकवणं हा सगळ्यात वाईट उपाय.

आठवड्याच्या गोळ्या एकदम देणं

काही गोळ्या आत विकल्या जातात, काही जिभेखाली लपवून साठवल्या जातात. म्हणून एका वेळी एकच डोस, समोर गिळलेला पाहायचा आणि लगेच लिहायचा. घेतला नाही तर "घेतला नाही" हेसुद्धा लिहायचं. टीबीचा रुग्ण असेल तर निक्षय आयडी (टीबी रुग्णाचा सरकारी नोंदणी क्रमांक) आत कळवा, कारण सहा महिन्यांच्या कोर्समध्ये खंड पडला की जंतू औषधाला जुमानेनासे होतात. जामीन झाल्यावर उरलेली औषधं आणि केसपेपर मागून घ्यायला विसरू नका. त्या गडबडीत सगळे विसरतात.

सांगूनही औषध मिळत नसेल तर

लेखी अर्ज द्या, पोच घ्या. अटकेनंतर २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावंच लागतं, तिथं वकिलामार्फत किंवा आरोपीनं स्वतः तोंडानं सांगावं, "माझी ही गोळी चालू आहे, मिळाली नाही." वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, फोन १५१००.

अक्कांना मी त्या रात्री गोळ्या दिल्या नाहीत. चिठ्ठीशिवाय देता येत नव्हत्या. रिक्षानं घरी जाऊन त्यांनी पोराची फाईल आणली, पोलिसांनी त्याला सिव्हिलच्या ड्युटी डॉक्टरकडे नेलं, मग अख्खी पट्टी माझ्याकडून गेली. दुसऱ्या दिवशी अक्का सांगत होत्या, स्टेशन डायरीत साहेबांनी वेळ टाकली: १२ वाजून १० मिनिटं, एक गोळी, पाण्यासोबत.